उन्हाळ्यात क्लबहाऊस हवंय? अर्ज कोणी करायचा, काय जोडायचं आणि तो अडकतो कुठे

सुट्ट्या लागल्या की एकाच शनिवारसाठी तीन तीन अर्ज येतात आणि त्यातले दोन अर्धवट असतात. मी काही वर्षं आमच्या सोसायटीच्या कमिटीत हे अर्ज बघतोय, त्यामुळे सांगतो, कार्यक्रम आवडला नाही म्हणून अर्ज नाकारला असं फार क्वचित होतं. अर्ज पडून राहतो कारण तीन गोष्टी लिहिलेल्याच नसतात: माणसं किती, संपणार कधी, आणि काही झालं तर फोन कोणाला करायचा. कार्यक्रमाचं नाव मात्र ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून!

पहिल्यांदा हे ठरवा की कार्यक्रम तुमच्या घरचा आहे की सगळ्या रहिवाशांसाठी. कारण बहुतेक ठिकाणी दोन्हीचे रस्ते वेगळे असतात. वाढदिवस, गेट टुगेदर हे खासगी, त्याला भाडं आणि डिपॉझिट लागतं. सिनेमाची रात्र, मुलांचे खेळ, गाण्यांची मैफल हे सगळ्यांसाठी असेल तर भाडं बऱ्याचदा माफ असतं पण मग नोटीस सगळ्यांना गेली पाहिजे आणि कोणालाही येता आलं पाहिजे, "आमच्याच विंगचं आहे" असं दारात सांगता येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे समर कॅम्प. कोणी फी घेऊन शिकवणार असेल तर तो व्यावसायिक वापर धरतात, शिकवणारा आपल्याच सोसायटीत राहत असला तरी, आणि इथेच सगळ्यात जास्त वाद होतात. हे लपवून खासगी म्हणून अर्ज करू नका, दुसऱ्या दिवशी फीचा मेसेज ग्रुपवर फिरतोच.

अर्ज कोण करू शकतं? सज्ञान रहिवासी, ज्याच्या घराची मेंटेनन्सची थकबाकी नाही. भाडेकरूंनाही साधारण परवानगी असते पण घरमालकाचं संमतीपत्र किंवा चालू भाडेकरार मागतात, कुठे दोन्ही मागतात, तेव्हा आपल्या सोसायटीची नियमावली एकदा वाचून घ्या. मित्रासाठी किंवा ऑफिससाठी आपल्या नावावर बुक करून द्यायचं आणि स्वतः हजर राहायचं नाही, हे जवळपास सगळीकडे चालत नाही. ज्याची सही त्याने शेवटचा दिवा बंद होईपर्यंत तिथे थांबायचं.

कागदांत फॉर्म, ओळखपत्र, थकबाकी नसल्याची पावती आणि नुकसान झालं तर भरून देईन असं हमीपत्र हे तर लागतंच. पाहुण्यांचा आकडा आणि गाड्यांचा आकडा वेगवेगळा लिहा, गेटवरच्या सिक्युरिटीला दुसरा जास्त उपयोगी पडतो. बाहेरून केटरर, साउंडवाला, मांडववाला येणार असेल तर प्रत्येकाचं नाव, फोन आणि त्यांच्याकडे असलेला परवाना किंवा विमा याची कॉपी. फक्त मुलांचा कार्यक्रम असेल तर पालकांची लेखी संमती, तातडीचा फोन नंबर, कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते, आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचे असतील तर त्याचीही संमती वेगळी घ्या. पूल वापरणार असाल तर लाइफगार्ड कोण आणि किती वेळ, हे लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. "पालक असतीलच ना तिथे" हे उत्तर नाही, कारण पालक गप्पा मारत असतात.

आता माणसांच्या आकड्याबद्दल, हा लोक डोळे मिटून लिहितात. हॉलबाहेर क्षमतेचा बोर्ड असेल तर तोच शेवटचा शब्द. बोर्ड नसेल तर कमिटीला आधी विचारा, पण अंदाजासाठी इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमधला हिशोब सोपा आहे: टेबल-खुर्च्या लावल्या तर माणशी १५ चौरस फूट, नुसत्या सुट्या खुर्च्या असतील तर ७. म्हणजे १२०० चौरस फुटांच्या मोकळ्या जागेत टेबलांसकट ८० माणसं, आणि स्टेज, जेवणाचं काउंटर टाकलं की तीही कमी होणार. बाहेर पडायची दारं मोजा, त्यांच्यासमोर खुर्च्यांची चळत किंवा फुग्यांची कमान नको.

वेळेच्या रकान्यात "संध्याकाळी" असं लिहिलेला अर्ज मी स्वतः परत पाठवलाय. सामान आणायची वेळ, पाहुणे यायची वेळ, गाणी बंद व्हायची वेळ आणि हॉल रिकामा व्हायची वेळ, चारही लिहा. बाहेर मोकळ्यावर काही करायचं असेल तर भर दुपार टाळा, ऊन आणि अतिनील किरणं तेव्हाच सगळ्यात कडक असतात. पावसाची किंवा वादळाची पर्यायी तारीखही आधीच मागून ठेवा, आणि ढग गडगडले तर सगळ्यांना पूलमधून आणि लॉनवरून आत घ्या, शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं कोणालाही परत सोडायचं नाही.

आवाजावरून जितक्या तक्रारी येतात तितक्या बाकी कशावरून येत नाहीत. १० डेसिबल वाढले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबलच कमी होतात, म्हणजे स्पीकर थोडा लांब सरकवून फारसं काही साधत नाही. त्याचं तोंड बिल्डिंगकडे नको आणि आवाज मुळातच कमी ठेवा. स्थानिक आवाजाचे नियम, मोठा मांडव, जनरेटर, दारू, रस्त्यावर गर्दी यांना सरकारी परवानगी लागत असेल तर ती वेगळी काढायची, कमिटीने हो म्हटलं म्हणजे ती मिळाली असं होत नाही. सिनेमा दाखवायचा असेल तर घरच्या सबस्क्रिप्शनवर सगळ्या सोसायटीला दाखवणं साधारणपणे त्या सेवेच्या अटींत बसत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. हे फॉर्ममध्ये विचारत नाहीत म्हणून लोक सोडून देतात.

जेवण असेल तर एक ओळ नक्की लिहा, वाढून झाल्यावर उरलेलं कुठे ठेवणार. शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ते ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ते ५ अंशांच्या खाली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि उन्हाळ्यात तर त्याआधीच आवरलेलं बरं. विजेचंही तसंच. लावणार त्या वस्तूंच्या वॉटची बेरीज करून व्होल्टने भागा, अँपिअर मिळतात. २००० वॉटची किटली आणि १००० वॉटचा कुकर २३० व्होल्टच्या एकाच लाइनवर म्हणजे १३ अँपिअर तिथेच गेले, त्यावर साउंडवाल्याची वायर लावली की पहिल्याच गाण्याला अंधार. आमच्याकडे झालंय हे.

क्रम असा: कॅलेंडर बघून तारीख तात्पुरती धरायची, पूर्ण अर्ज द्यायचा, कमिटीचं लेखी उत्तर आलं की पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग केटररला ॲडव्हान्स. उलटं करू नका. तोंडी "हो हो करा" म्हणजे मंजुरी नाही, कितीही जवळचा माणूस असला तरी. सीझनचे शनिवार रविवार लवकर भरतात, तेव्हा सुट्ट्या सुरू व्हायच्या दोन महिने आधी अर्ज टाकलेला चांगला, आणि रद्द केलं तर किती दिवस आधी कळवल्यास पैसे परत मिळतात हेही त्याच वेळी विचारून ठेवा.

किल्ली घेताना केअरटेकरबरोबर हॉल फिरा, आधीचे ओरखडे, फुटलेली टाइल, बंद पंखा सगळ्याचे फोटो काढा आणि चेकलिस्टवर दोघांच्या सह्या घ्या. परत देताना पुन्हा तेच, त्याच दिवशी, कचरा बाहेर गेलेला असताना. डिपॉझिटमधून काही कापलं तर कशाचे किती ते लेखी मागा आणि आधीचे फोटो समोर ठेवा, बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं.