सराईचं झालं कोठार: एका फारसी शब्दाचा स्लाव्ह प्रवास

रशियन घराच्या परसात लाकडी फळ्यांची एक खोली असते. आत सरपण, वाळलं गवत, कुदळ-फावडी. चूल नाही की शेगडी नाही. तिला ‘सराय’ म्हणतात. एखादी खोली ऐसपैस पण भकास असेल, तरी रशियन माणूस ‘ही खोली नव्हे, सराय आहे’ म्हणतो. बल्गेरियनमध्ये मात्र याच शब्दाचा अर्थ राजवाडा!

मूळ फारसी ‘सराय’ म्हणजे घर, वाडा, उतारूंची धर्मशाळा. मराठी ‘सराई’ त्यातल्या शेवटच्या अर्थाची. स्लाव्ह भाषांना, म्हणजे रशियन, बल्गेरियन, पोलिश वगैरेंना, तो तुर्की भाषांकडून मिळाला.

रशियनांना हा शब्द आधी शहराचं नाव म्हणून कळला. तेराव्या शतकाच्या मध्यात बातू खानाने व्होल्गाकाठी वसवलेली ‘सराय’ ही सुवर्ण टोळी या मंगोल राज्याची राजधानी. गादीची सनद मिळवायला रशियन राजपुत्र तिथे खेटे घालत. 1395 मध्ये तैमूरने ती उद्ध्वस्त केली. मग राजवाड्याचं कोठार कसं झालं? पंधराव्या शतकात चौल, जुन्नर, बीदर पाहिलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा वृत्तांत इथे फार बोलका आहे. व्होल्गावरून येताना तो ‘सराय ओलांडलं’ असं लिहितो. पण हिंदुस्थानातल्या धर्मशाळेला तो ‘पद्वोर्ये’ म्हणतो आणि बीदरच्या सुलतानाच्या वाड्याला ‘द्वोर’. दोन्ही अर्थांना घरचे शब्द होतेच. उसन्या शब्दाच्या वाट्याला परसातली जागा आली, असं आम्हाला वाटतं.

बाल्कनमध्ये, म्हणजे आग्नेय युरोपात, शब्द उस्मानी (ऑटोमन) तुर्कांच्या सत्तेबरोबर आला आणि त्याचा रुबाब टिकला. पंधराव्या शतकात ईसा-बेग इसाकोविच या उस्मानी सुभेदाराने बोस्नियात वाडा बांधला. भोवतालचं मैदान म्हणजे तुर्कीत ‘ओवा’. ‘सराय-ओवासी’चं स्थानिक बोलीत ‘सारायेवो’ झालं, तीच आजची बोस्नियाची राजधानी. ‘क्रालेवो’ या गावाच्या नावात असतो तो ‘-एवो’ हा आपलाच प्रत्यय आहे, असं स्लाव्ह कानांना वाटलं.

तिसरी वाट इटलीची. तिथे ‘सराय’चं ‘सेर्राल्यो’ झालं, त्यात ‘कुलूपबंद करणे’ या अर्थाचं क्रियापद मिसळलं आणि अर्थ जनानखान्यावर आला. तेच फ्रेंचमधून रशियनमध्ये ‘सेराल’ झालं. पोलिशमध्येही ‘सेराय’ म्हणजे जनानखाना.

रशियनमधून भाषांतर करताना घसरायला होतं ते इथेच. ‘कारेत्नी सराय’ म्हणजे घोडागाडी ठेवायची जागा. तिथे ‘सराई’ लिहिलं की पात्रं मुक्कामाला उतरल्यासारखी वाटतात. ‘कारवान-सराय’ मात्र खरोखरच सराई, आणि क्रिमियातल्या ‘बाख्चिसराय’मध्ये आजही खानांचा वाडा उभा आहे.