दोन बस एकदम का येतात?

“अर्धा तास एकही बस नाही आणि आता दोन एकामागोमाग!” मुंबईत बेस्टच्या थांब्यावर हे रोज ऐकू येतं. त्यावर उत्तरंही ठरलेली. चालक मुद्दाम रेंगाळतात, नाहीतर आज आपलं नशीबच फुटकं. नशिबाचा इथे काडीमात्र संबंध नाही आणि बहुतेक वेळा चालकाचाही नाही. हे निव्वळ गणित आहे, आणि मेट्रो स्टेशन किंवा बोटीच्या धक्क्यापर्यंत प्रवासी पोहोचवणाऱ्या फीडर बस सुरू करणाऱ्यांनी ते आधी मांडून पाहायला हवं.

समजा, दर १० मिनिटांनी बस सुटते. प्रत्येक थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येतो आणि चढायला त्याला ३ सेकंद लागतात. वेळेवरच्या बसला १० प्रवासी मिळतात, ती ३० सेकंद थांबते. एखादी बस सिग्नलला अडकून २ मिनिटं उशिरा आली, तर तिच्यासाठी १२ जण जमलेले असतात. म्हणजे ६ सेकंद जास्त. पुढच्या थांब्यावर उशीर आणखी वाढलेला, म्हणून गर्दीही वाढलेली. दर थांब्याला उशीर ५ टक्क्यांनी फुगतो आणि १५ थांब्यांनंतर २ मिनिटांची ४ मिनिटं होतात. मागच्या बसचं नेमकं उलटं होतं. तिच्या वाट्याला प्रवासी कमी येतात, ती लवकर सुटते आणि पुढचीला गाठते. पुढची खचाखच, मागची रिकामी. न्यूवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणिताने दाखवलं होतं: समान अंतर ही मुळातच अस्थिर अवस्था आहे, तिला सांभाळलं नाही तर ती मोडणारच.

आता प्रवाशाच्या बाजूने पाहू. बस बरोबर १० मिनिटांनी आल्या तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस २ आणि १८ मिनिटांच्या अंतराने आल्या तर? बसची संख्या तीच, सरासरी अंतरही १० मिनिटंच. पण दहातले नऊ प्रवासी १८ मिनिटांच्या मोठ्या फटीत सापडतात, कारण ती फटच मोठी आहे. प्रत्येक अंतराचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तिला एकूण वेळेच्या दुपटीने भागायचं: (४ + ३२४) ÷ ४० = ८.२ मिनिटं. एकही फेरी रद्द झालेली नाही, तरी वाट पाहणं दीडपटीहून जास्त वाढलं. म्हणूनच ‘इतक्या नव्या बस आणल्या’ किंवा ‘ॲपवर बस दिसते’ एवढ्या घोषणांनी मी हुरळून जात नाही. दोन बस जोडीने येताना ॲपवर दिसल्या, म्हणून त्या वेगळ्या होत नाहीत.

उपाय आहेत, पण ते चिकाटीने राबवावे लागतात. शेवटच्या थांब्यावर थोडा राखीव वेळ ठेवायचा आणि चौकीवरच्या स्टार्टरने, म्हणजे बस सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने, घड्याळ पाहून नव्हे, तर आधीची बस कधी गेली ते पाहून पुढची फेरी सोडायची. मागून घाईने आलेली बस मिनिटभर रोखायची. आत बसलेले कुरकुरतात, पण पुढच्या सगळ्या थांब्यांवरच्या लोकांची वाट त्यामुळे कमी होते. तिकीट बसबाहेर काढलं की चढण्याचा वेळही घटतो. ब्राझीलमधल्या कुरितिबात ही पद्धत १९९१ पासून आहे.

बोटीचा प्रश्न वेगळा. मधले थांबे नसले की जोड्या जमत नाहीत. तिथे अडचण धक्क्याच्या उंचीची. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्याही वर जातो, मग ओहोटीला म्हाताऱ्या माणसाने लाँचमध्ये उतरायचं कसं? एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोने तरंगते धक्के वापरले. पाण्याबरोबर धक्काही वरखाली होतो.

आणि बोटीला जोडलेल्या बसला वरचं गणित जसंच्या तसं लावू नये. अलिबागजवळच्या मांडव्याला लाँच लागली की प्रवासी एकेक करून येत नाहीत, सगळे एकदम उतरतात. काही लाँच कंपन्यांच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. तिथे समान अंतर राखण्यात अर्थ नाही, बसने लाँचसाठी थांबायचं. परतीला मात्र राखीव वेळ बसच्याच फेरीत धरायला हवा, कारण बस वाटेत अडकून लाँच चुकली तर पुढची येईपर्यंत सगळी बसच धक्क्यावर ताटकळते.