संगणक सुरू होत नाही, म्हणजे नेमकं काय होत नाही?

नवी रॅम बसवली, ग्राफिक्स कार्ड बदललं किंवा प्रोसेसर काढून दुसरा लावला. कॅबिनेट बंद करून वायर जोडली, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो ‘मदरबोर्ड जळला’ हाच. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी करावा. आजचा संगणक सुरू होताना टप्प्याटप्प्याने तपासणी करत पुढे सरकतो आणि काही खटकलं तर तिथेच थांबतो. तो कुठे थांबला हे ओळखता आलं, की बिघाड शोधण्याची जागा फार लहान होते.

त्यासाठी बटण दाबल्यावर काय घडतं ते पाहू. १९९५ साली इंटेलने मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठा यांची एटीएक्स ही रचना आणली. त्याआधीच्या संगणकांत पुढच्या बटणातून थेट मुख्य वीज जायची, दिव्याच्या बटणासारखी. एटीएक्समध्ये ते बटण मदरबोर्डवरच्या दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, एवढंच. तो इशारा मिळाला की मदरबोर्ड एसएमपीएसकडून, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलणाऱ्या डब्याकडून, आलेली हिरवी वायर शून्य व्होल्टवर खेचतो, आणि मग एसएमपीएस जागा होतो. पण बंद संगणकातला मदरबोर्ड इशारा ऐकतो कसा? जांभळ्या वायरीतून त्याला कायम ५ व्होल्ट मिळत असतात. म्हणूनच संगणक ‘बंद’ असला तरी बोर्डावर वीज असते, आणि रॅम किंवा कार्ड काढण्याआधी वायर भिंतीपासून वेगळी करून बटण एकदा दाबायचं, म्हणजे साठलेली वीज उतरते. हे टाळून केलेल्या घाईत चांगले भाग खरोखर मरतात.

एसएमपीएस जागा झाल्यावर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट स्थिर होतात. या तिन्हींना ५ टक्क्यांपर्यंतच इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. १२ व्होल्ट म्हणजे ११.४ ते १२.६. साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांनी राखाडी वायरीवर ‘वीज ठीक आहे’ असा संकेत येतो. तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो. मग तो बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या बोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या, चिपमधून पहिली आज्ञा वाचतो, रॅम तपासतो, ग्राफिक्स शोधतो आणि शेवटी पडद्यावर चित्र येतं.

आता लक्षणांकडे वळू. काहीच हालचाल नाही, पंखाही नाही, तर बहुधा प्रोसेसर-रॅमपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नसते. एसएमपीएसच्या मागचा खटका, बोर्डाला वीज देणारा, अर्धवट बसलेला २४ पिनांचा मुख्य कनेक्टर आणि काम करताना धक्का लागून निघालेल्या बटणाच्या दोन वायरी आधी पाहाव्यात. बोर्डावर छोटा दिवा असेल आणि तो लागलेला असेल, तर ५ व्होल्ट येत आहेत. मग मॅन्युअलमध्ये बटणाच्या दोन पिना शोधून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. संगणक सुरू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत.

पंखा एकदा हलला आणि थांबला, हे लक्षण मला सगळ्यात बोलकं वाटतं. एसएमपीएस सुरू झाला, त्याला कुठेतरी शॉर्ट सर्किट दिसलं आणि त्याने स्वतःला बंद केलं. ही सुरक्षा एकदा लागली की अनेकदा भिंतीवरचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय तो पुन्हा दाद देत नाही, त्यामुळे तो मेला असं वाटतं. कारण बरेचदा क्षुल्लक असतं: बोर्डाखाली घरंगळलेला स्क्रू, यूएसबीच्या जोडणीतली वाकलेली पिन, किंवा स्टँडऑफ. स्टँडऑफ म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारे पितळी खांब. जिथे बोर्डाला भोक नाही तिथे एखादा खांब राहिला, तर तो मागच्या सोल्डरला टेकतो. अशा वेळी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा, त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एक पट्टी ठेवून पाहावं. तिथे चालला तर दोष पत्र्याकडे किंवा काढून ठेवलेल्या भागांत आहे. मग एकेक भाग परत जोडायचा. दोन एकदम जोडले की केलेली मेहनत वाया.

इथेच एक कडक इशारा. ज्या एसएमपीएसच्या वायरी दोन्ही टोकांनी सुटतात, त्यांची एसएमपीएसकडची मांडणी ठरलेल्या मानकाची नाही. जुन्या एसएमपीएसची वायर नव्यात अगदी नीट बसू शकते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवू शकते. हार्ड डिस्क त्यात कायमची जाते. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या वायरीही बदला. आणि एसएमपीएस उघडू नका. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वायर काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून राहू शकतात.

पंखे फिरतात पण पडदा काळाच, तर आधी प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा वेगळा कनेक्टर पाहा. तो विसरणं सोपं, कारण बाकी सगळं त्याच्याशिवायही जिवंत दिसतं. प्रोसेसर साधारण १ व्होल्टवर चालतो. तो १०० वॅट घेत असेल, तर जवळजवळ १०० अँपिअर प्रवाह लागतो. तो बोर्डवरच, प्रोसेसरच्या शेजारी १२ व्होल्टमधून तयार होतो. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या पिना दोनच, त्यातून हा भार नेणं बरोबर नाही, म्हणून ही वेगळी वाट. मोठ्या ग्राफिक्स कार्डाचंही तसंच: स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, वरची गरज त्याच्या स्वतःच्या वायरींनी भागते. मॉनिटरची केबल बोर्डाला लावली आहे की कार्डाला, तेही बघा.

मग रॅम. पट्टी दोन्ही बाजूंनी दाबून बसवावी लागते, आणि चार खाचांच्या बऱ्याच बोर्डांवर दोन पट्ट्या दुसऱ्या व चौथ्या खाचेत जातात. डीडीआर५ या पिढीची रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिच्याशी वेळेचे बारकावे जुळवत बसतो. ही जुळणी काही मिनिटं चालू शकते आणि तोवर पडदा काळा असतो. घाबरून मध्येच वीज तोडू नका. तरीही अडलं तर वायर काढून गोल सीआर२०३२ बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवल्यास बायोसच्या जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात.

प्रोसेसर नवा असेल, तर बोर्डाच्या बायोसला तो ओळखता येतो का, हाही प्रश्न असतो. जुन्या आवृत्तीला त्याचं नावही माहीत नसतं, आणि सगळं ठीक असूनही पडदा काळाच राहतो. काही बोर्डांवर यासाठी मागे वेगळं बटण आणि ठरलेलं यूएसबी तोंड असतं. नव्या बायोसची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तिथे लावली की प्रोसेसर नसतानाही बोर्ड ती स्वतःच्या चिपमध्ये लिहून घेतो. फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलं आहे तसंच ठेवावं लागतं, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज बंद करायची नाही.