संग्रहालयातला फोटो आणि राजवाड्यातला फोटो: सल्ला एकच का चालत नाही

अंधूक दालनं, ट्रायपॉडला मनाई, फ्लॅशला मनाई, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. संग्रहालय काय किंवा राजवाडा काय, फोटो काढणाऱ्याला दोन्हीकडे हेच अनुभवाला येतं. म्हणून ‘आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवा आणि हात स्थिर ठेवा’ हा एकच सल्ला दोन्हींसाठी दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. संग्रहालयात वस्तू तिच्या मूळ जागेवरून आणून, नीट दिसावी म्हणून मांडलेली असते. राजवाड्यात ती जागाच पाहायला आपण जातो आणि तिथल्या खिडक्या, आरसे, छत हे सगळं तिथे राहणाऱ्यांसाठी बांधलेलं असतं, आपल्या कॅमेऱ्यासाठी नव्हे. एकीकडे वस्तूचा फोटो, दुसरीकडे जागेचा. बाकीचे बहुतेक फरक इथूनच निघतात.

आधी उजेड पाहू. संग्रहालयातला उजेड मोजून ठेवलेला असतो. कागद, कापड, जलरंग अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) आणि तैलचित्रांवर १५० ते २०० लक्स प्रकाश ठेवायची पद्धत आहे, कारण प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि भरून निघत नाही. चांगल्या उजेडाच्या ऑफिसात ५०० लक्स असतात, हे लक्षात घेतलं की ५० म्हणजे किती कमी ते कळतं. एवढ्या उजेडात एफ २.८ (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ १६०० ठेवलं तर शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, सुमारे १/४० सेकंद मिळतो. श्वास सोडून, कोपर अंगाशी धरून तेवढ्यात स्पष्ट फोटो निघतो. वस्तू हलत नाही ही मोठी सोय आहे. शिवाय हा उजेड बदलत नाही. एका दालनात सेटिंग जमलं की पुढच्या दहा वस्तूंना तेच चालतं, व्हाइट बॅलन्ससुद्धा (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगाची जुळवणी). एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवावं लागतं. काही एलईडी दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात आणि कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फोटोत आडवे पट्टे येतात. तसे दिसले तर मेकॅनिकल शटर लावा.

राजवाड्यात अंधार ही खरी अडचण नसते. अडचण असते ती फोटोच्या एकाच चौकटीत येणाऱ्या लख्ख खिडकी आणि काळोख्या कोपऱ्याची. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या आरसे महालाचं उदाहरण घ्या. ७३ मीटर लांबीच्या या दालनात बागेकडे उघडणाऱ्या १७ खिडक्या आहेत आणि त्या पश्चिमेला आहेत, म्हणजे दुपारनंतर ऊन थेट आत येतं. आयएसओ वाढवून इथे काही साधत नाही. आत नीट दिसावं म्हणून एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा एकूण उजेड) वाढवलं की खिडक्या पांढऱ्याफटक होतात आणि पांढराफटक झालेला भाग नंतर परत मिळत नाही. म्हणून एक्स्पोजर खिडकीच्या बाजूने थोडं कमी ठेवा, फाइल रॉमध्ये (सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या प्रकारात) घ्या आणि सावल्या नंतर उजळा. ढगाळ दिवस मिळाला तर सोनंच: खिडकी आणि आतला भाग यांच्या उजेडातलं अंतर आपोआप कमी होतं. रंगाचाही घोळ इथेच होतो. खिडकीचा उजेड निळसर, झुंबराचा पिवळा, आणि दोन्हींना सांभाळणारं एकच व्हाइट बॅलन्स नसतं. अशा वेळी चौकटीत ज्या उजेडाचा वाटा मोठा, त्याच्या बाजूने कौल द्यावा. खोलीत झुंबराचा पिवळा थोडा उरला तरी बिघडत नाही, उलट ती खोली राहती वाटते. संग्रहालयातल्या चित्रावर मात्र तो पिवळा चालत नाही, कारण तिथे चित्रकाराचे रंग जसेच्या तसे यायला हवेत.

सर्वांत जास्त गफलत होते ती काच आणि आरशात. दोन्हींत प्रतिबिंब दिसतं, म्हणून दोन्हींना पोलरायझर (लेन्सपुढे फिरवायचा, चमक कमी करणारा फिल्टर) लावून पाहिला जातो. काचेवर तो खरंच काम करतो, पण काचेशी साधारण ३५ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिलं तरच. समोर उभं राहून तो कितीही फिरवला तरी उपयोग नाही. आणि तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे आधीच १/४० असलेला शटर स्पीड १/१० वर येतो. म्हणून काचेच्या पेटीतल्या वस्तूसाठी मी रबरी लेन्स हूडला (लेन्सच्या तोंडाभोवती बसणाऱ्या कड्याला) पहिली पसंती देईन: परवानगी असेल तर तो काचेला हलकेच टेकवायचा, नसेल तर जमेल तितकं जवळ जायचं, अंगावर गडद कपडे ठेवायचे आणि मागे चमकणारं पाटीचं किंवा दाराचं प्रतिबिंब टाळेल असा कोन शोधायचा.

आरशाची गोष्ट वेगळी आहे. आरशातून परावर्तन होतं ते मागच्या धातूच्या थरावरून, आणि धातूवरून परतणारा प्रकाश पोलरायझरला फारसा अडवता येत नाही. आरसे महालातल्या ३५७ आरशांपुढे तो केवळ उजेड कमी करेल. तसंही तिथलं प्रतिबिंब घालवायचं कशासाठी? समोरच्या खिडक्या आत दिसाव्यात म्हणून तर ते आरसे तिथे बसवलेत. आपण स्वतः दिसू नये एवढंच पाहायचं, त्यासाठी दोन पावलं बाजूला सरकलं की पुरतं. फोकस करताना मात्र सावध राहा. आरशातली खिडकी कॅमेऱ्याच्या दृष्टीने आरशाच्या पृष्ठभागावर नसते, आरशापर्यंतचं आणि तिथून खिडकीपर्यंतचं अंतर मिळून ती दूर असते. आरशाच्या चौकटीच्या नक्षीवर फोकस केला तर प्रतिबिंब मऊ पडतं. दोन्ही स्पष्ट हवं असेल तर ॲपर्चर एफ ८ च्या आसपास न्यावं.

लेन्सच्या बाबतीत संग्रहालयात ५० ते ८५ मिलिमीटर आणि राजवाड्यात १६ ते २४, एवढं पुरे (आकडा लहान तितकं जास्त दृश्य फोटोत मावतं). फोनवाल्यांनी पेटीतल्या वस्तूसाठी मुख्य कॅमेराच वापरावा. अल्ट्रावाइडचा, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या कॅमेऱ्याचा, सेन्सर बहुतेक फोनमध्ये लहान असतो, त्यामुळे तो राजवाड्यात खिडकीजवळच्या भरपूर उजेडात वापरावा. उभं राहण्यात जास्त फरक आहे. चित्रासमोर कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीला आणि त्याला समांतर धरावा, नाहीतर चौकट समलंब होते. मूर्तीभोवती मात्र फिरावं, कारण एका बाजूने सपाट दिसणारा चेहरा बाजूच्या दिव्यात उठून येतो. राजवाड्याच्या दालनात छत हवं म्हणून कॅमेरा वर कलवला की भिंती आत झुकतात. त्यापेक्षा दालनाच्या मध्यरेषेवर उभं राहून कॅमेरा सरळ धरा, खाली थोडी जास्त जमीन येऊ द्या आणि नंतर ती कापा.

फ्लॅश दोन्हीकडे बंद ठेवायचाच, पण कारणं वेगळी. पेटीसमोर तो काचेत पांढरा डाग होऊन परततो. मोठ्या दालनात तो पोहोचतच नाही: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून दोरीचा खांब झगझगीत आणि मागचं सिंहासन काळं. नियम दारावरच वाचावेत. संग्रहालयात बाहेरून आणलेल्या प्रदर्शनाच्या फोटोंना मनाई असू शकते, राजवाड्यात कुटुंब अजून राहत असलेल्या खोल्यांच्या. पाठीवरची बॅग पुढे घ्या, कारण राजवाड्यात फर्निचर काचेत नसतं आणि आपण मागे न बघता सरकत असतो.

काही इमारती दोन्ही असतात. पॅरिसचं लूव्र राजवाडा होता आणि १७९३ साली संग्रहालय झाला. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयामध्ये पॅव्हिलियन हॉलमधलं मोराचं घड्याळ काचेच्या पेटीत आहे, आणि ती पेटी झुंबरं आणि दोन बाजूंना खिडक्या असलेल्या शुभ्र दालनात. अशा ठिकाणी आधी लांबून, वाइड लेन्सने दालन घ्या, पेटी त्यात लहान दिसली तरी चालेल. मग लेन्स बदलून पेटीकडे जा. तिथे काचेत समोरची खिडकी उमटेल, आणि काचेला लेन्स टेकवता येत नसेल तर सोबतच्या माणसाला आपल्या मागे, खिडकी झाकली जाईल असं उभं करा. त्याच्या गडद कोटाचं प्रतिबिंब पडलेल्या भागात मोराची पिसं दिसू लागतील.