मतं फुटली की फिरली?

लोकसभेची हवा सुरू झाली की आमच्या वऱ्हाडात पानठेल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमची मतं त्यायनं खाल्ली ना भाऊ!" मत काय कुणाच्या डब्यातली भाकर आहे, दुसऱ्यानं खायला?

मतं फुटणं सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाजूची मतं दोघांत वाटली जातात आणि तिसरा येतो. फिरणं वेगळं, मागच्या खेपेला एकाला दिलेलं मत यंदा दुसऱ्याला जातं. घोळ इथंच होतो, कारण लोक यंदाच्या दोन पराभूतांची बेरीज करतात आणि मागचा निकाल उघडूनही पाहत नाहीत.

अकोला घ्या. २०१९ ला भाजपचे संजय धोत्रे ५,५४,४४४, वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर २,७८,८४८, काँग्रेस २,५४,३७०. दोघं मिळूनही धोत्र्यांच्या २१ हजार मागेच. तरी खापर मतफुटीवर! २०२४ ला भाजपचे अनुप धोत्रे ४,५७,०३०, काँग्रेसचे अभय पाटील ४,१६,४०४, आंबेडकर २,७६,७४७. म्हणजे आंबेडकर जवळपास जागच्या जागी. भाजपची ९७ हजार मतं घटली, काँग्रेसची १ लाख ६२ हजार वाढली. भाजपची लीड पावणेतीन लाखांवरून ४० हजारांवर आली ती मतं फिरल्यानं. घटलेली सगळी काँग्रेसकडेच गेली असं नाही, काही लोक घरी बसले असतील, नवे मतदारही आले. पण जे मत सरळ समोरच्याकडे जातं, ते लीड दोननं कमी करतं. तिसऱ्याकडे गेलेलं एकनंच. हा हिशेब फार थोड्या कार्यकर्त्यांना येतो.

२०२४ ला काँग्रेस आणि आंबेडकरांची बेरीज भाजपच्या वर जाते, कबूल. पण ती आंबेडकरांचा मतदार झाडून पंजावर जाईल असं धरल्यावरच. मला तरी ते पटत नाही.

काँग्रेससारख्या मध्यममार्गी पक्षाला ही गल्लत सगळ्यांत महागात पडते. मतं फुटतात असं मानलं की उपाय जागावाटपाची बैठक. फिरतात असं मानलं तर सोयाबीनचं बोलावं लागतं. २०२३-२४ ला हमीभाव क्विंटलला ४,६०० असताना बाजार समितीत बोली त्याखाली का लागली, पीक विमा कुठं अडकला, याचं उत्तर द्यावं लागतं. बैठक सोपी, म्हणून फुटीचं रडगाणं.

बुलढाण्यात २०२४ ला दोन्ही एकदम झालं. शिवसेनेच्या प्रतापराव जाधवांची मतं २०१९ च्या ५,२१,९७७ वरून ३,४९,८६७ वर आली, म्हणजे आधी फिरली. त्यांचा पक्षही मधे फुटला होता. पण विरोधातली मतं ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर आणि अपक्ष रविकांत तुपकरांत वाटली गेली. तुपकरांना जवळपास अडीच लाख पडली आणि पावणेदोन लाखांच्या आसपास मतं गमावूनही जाधव २९ हजारांनी निवडून आले.