घोड्यांच्या शर्यतीचा डेटा : आधी काय टिपायचं?

ब्रिटनमध्ये २००० साली बेटफेअर हे बेटिंग एक्स्चेंज, म्हणजे लोकांनी एकमेकांशी पैजा लावण्याचा बाजार, सुरू झालं आणि साध्या माणसालाही पैजा स्वीकारणाऱ्या बुकमेकरच्या जागी उभं राहण्याची सोय झाली. बेटिंग एक्स्चेंजवर घोडा जिंकेल यावर पैसे लावता येतात (बॅक), तसे तो जिंकणार नाही यावरही लावता येतात (ले). समजा, एखादा घोडा ४.४ या भावाने (जिंकला तर लावलेल्या रकमेच्या ४.४ पट परत, मूळ रक्कम धरून) १० पौंडांना बॅक केला. थोड्या वेळाने भाव ४.२ वर उतरला, तेव्हा तोच घोडा १०.४८ पौंडांना ले केला. आता घोडा जिंकला तर एका बाजूला ३४ पौंड येतात, दुसऱ्या बाजूला ३३.५४ जातात. हरला तर १० जातात, १०.४८ येतात. दोन्हीकडे ४६-४८ पेन्स हातात, त्यातून एक्स्चेंजचं कमिशन वजा. शर्यत कोण जिंकतं याच्याशी या माणसाला काही देणंघेणं उरत नाही.

डेटा गोळा करायला बसणाऱ्याने हे गणित आधी समोर ठेवावं, असं मला कळकळीने वाटतं. कारण बहुतेक जण सुरुवात घोड्यापासून करतात: मागच्या शर्यतींतले क्रमांक, जॉकी, ट्रेनर, पाठीवरचं वजन, मैदान ओलं की कोरडं. ही माहिती खोटी नाही, पण ती सगळ्यांकडे आहे. इंग्लंडमधलं चेस्टरचं मैदान आटोपशीर आणि सतत वळणारं. तिथे कमी अंतराच्या शर्यतीत आतल्या स्टॉलमधून (सुटण्याच्या कप्प्यातून) सुटणाऱ्या घोड्याला फायदा होतो, हे रेसचा नाद असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून ते भावात आधीच उतरलेलं असतं. भाव ४ म्हणजे बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता २५ टक्के, आणि त्या २५ टक्क्यांत हजारो लोकांचा अभ्यास मुरलेला असतो. शिवाय शर्यतीचे निकाल आणि घोड्यांचा इतिहास वर्षभरानेही मिळतो. तो साठवायची घाई नाही.

घाई आहे ती क्षणात पुसल्या जाणाऱ्या गोष्टींची. शर्यत सुटण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांत एका घोड्याची भावांची शिडी, म्हणजे कोणत्या भावाला किती पैसे रांगेत आहेत याची यादी, नीट पाहा. ४.२ ला बॅक करायला ३४० पौंड उपलब्ध आहेत, ४.३ ला ले करायला ५५. बॅक करणारा पुढचा माणूस ४.२ घेतो आणि ३४० मधले २०० एका झटक्यात जुळतात, म्हणजे त्यांना समोरची पैज मिळते. किंवा कोणी ते २०० न जुळवता गुपचूप काढून घेतो. शिडीवर दोन्ही वेळा एकच दिसतं: १४० उरले. पण पहिल्यात खरा व्यवहार झाला, दुसऱ्यात कोणीतरी नुसतं माघार घेऊन गेलं. फरक कळायला रांगेतल्या रकमेबरोबर प्रत्येक भावाला जुळलेली एकूण रक्कमही त्याच क्षणी नोंदवावी लागते. शिडीवर दिसणारा पैसा हा नुसता इरादा असतो, आणि तो दिशाभूल करण्यासाठीही ठेवला जातो.

बेटफेअरकडून जुना डेटा मिळतो, पण त्याच्या फुकटच्या स्तरात भाव मिनिटाला एकदाच नोंदलेला असतो. मिनिटभरात भाव चार पायऱ्या खाली जाऊन परत वर आला, तर त्या नोंदीत काहीच घडलेलं दिसत नाही. पायऱ्याही सारख्या नसतात. १.०१ ते २ या पट्ट्यात पायरी ०.०१ ची, ४ ते ६ मध्ये ०.१ ची, १० ते २० मध्ये ०.५ ची. भाव ४.४ वरून ४.२ वर आला तर दोन पायऱ्या, १.५ वरून १.३ वर आला तर वीस. म्हणून भावातला बदल पायऱ्यांत मोजावा.

घोडा ऐनवेळी बाद झाला की आणखी एक गोंधळ. एक्स्चेंज उरलेल्या घोड्यांचे आधी जुळलेले भावही ठरावीक प्रमाणात कमी करतं. बाद होण्याची वेळ आणि कपातीचं प्रमाण नोंदलेलं नसेल, तर आलेखावर एक कडा कोसळलेला दिसतो आणि बाजार घाबरला असं वाटतं. प्रत्यक्षात तो फक्त हिशेब असतो.

सगळ्यात फसवी गोष्ट मात्र वेळ. शर्यतीची जाहीर वेळ २:३० असते, घोडे सुटतात २:३३ ला. विश्लेषण करणारा सवयीने सगळे भाव खऱ्या सुटण्यापासून उलटे मोजतो: सुटण्याआधी ६० सेकंद, ३० सेकंद. आलेख सुरेख येतो. पण व्यवहार करणाऱ्याला त्या क्षणी घोडे ६० सेकंदांनी सुटणार की चार मिनिटांनी, हे माहीतच नसतं. म्हणजे भविष्यातली माहिती नकळत भूतकाळात शिरली, आणि कागदावर नफा देणारी पद्धत बाजारात उताणी पडते. एक्स्चेंजच्या अधिकृत स्टार्टिंग प्राइसचंही तसंच. ती सुटतानाच ठरते, तिच्यावर आधारलेला पाच मिनिटं आधीचा निर्णय अशक्य आहे. उपाय साधा पण कष्टाचा: प्रत्येक नोंदीला दोन वेळा द्यायच्या, गोष्ट कधी घडली आणि ती आपल्यापर्यंत कधी पोहोचली. जाहीर आणि खरी, दोन्ही सुटण्याच्या वेळाही वेगळ्या ठेवायच्या.

मग प्रश्न उरतो, किती शर्यतींचा डेटा पुरेसा? २५ टक्के शक्यतेच्या १०० घोड्यांत जिंकणाऱ्यांचं प्रमाण निव्वळ नशिबाने साधारण सव्वाचार टक्क्यांनी वर-खाली होतं. १००० घोडे घेतले तरी ही डोलणी सव्वा टक्क्याहून जास्तच राहते. बाजाराच्या अंदाजात दोन टक्क्यांची चूक आहे असं म्हणायचं असेल, तर दोन हजारांच्या आसपास घोडे हवेत. भावाच्या हालचालींचं निरीक्षण करणाऱ्याला एका शर्यतीत हजारो नोंदी मिळतात, म्हणून त्याला डेटा मुबलक वाटतो. पण एकाच शर्यतीतल्या त्या नोंदी एकमेकांना बांधलेल्या असतात. एक घोडा वधारला की बाकीचे उतरणारच. म्हणून त्या हजार नोंदींचा पुरावा हजार स्वतंत्र निरीक्षणांइतका धरता येत नाही. मोजणी शर्यतीगणिक करावी, आणि पद्धत बसवताना वापरलेल्या शर्यती तपासणीच्या शर्यतींपासून तारखेनुसार वेगळ्या ठेवाव्यात: जुन्यावर शिकायचं, नव्यावर तपासायचं.