क्लिपचा गतिबदल

चलच्चित्राच्या संकलनात एखाद्या क्लिपचा मूळ वेग वाढवून किंवा कमी करून तिचा कालावधी बदलण्याची क्रिया. संकलकांच्या रोजच्या बोलण्यात ‘स्लो करणे’ व ‘फास्ट करणे’ हेच शब्द आहेत; एकाच क्लिपमध्ये वेग चढता-उतरता ठेवल्यास त्याला ‘स्पीड रॅम्प’ म्हणतात. वेग टक्क्यांत मोजतात व कालावधी त्याच्या व्यस्त प्रमाणात बदलतो : १० सेकंदांची क्लिप ५० टक्क्यांवर २० सेकंदांची, तर २०० टक्क्यांवर ५ सेकंदांची होते.

या क्रियेचा उगम संगणकाच्या बराच आधीचा आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत असल्याने चित्रणाचा व प्रक्षेपणाचा वेग सहसा तंतोतंत जुळत नसे, आणि या तफावतीचाच पुढे हेतुपूर्वक वापर होऊ लागला. भिंत पाडण्याची, फ्रान्समधील आद्य चित्रपटकार ल्युमिएर यांची १८९६ ची चित्रफीत उलटी चालवून ती भिंत पुन्हा उभी राहताना दाखवीत, हे उलट गतीचे आरंभीचे उदाहरण होय. मंदगतीचे जनकत्व मात्र वादग्रस्त आहे. ऑस्ट्रियातील धर्मगुरू व भौतिकीतज्ञ आउगुस्ट मुस्गर यांनी आरशांच्या फिरत्या ढोलावर आधारलेल्या यंत्रणेचे पेटंट १९०४ च्या सुमारास नोंदविले; परंतु पुढे शुल्काअभावी ते टिकले नाही, आणि ड्रेस्डेन येथील एर्नेमान कंपनीतील हान्स लेमान यांनी विकसित केलेला कॅमेरा ‘त्साइटलुपे’, म्हणजे ‘काळाचे भिंग’, या नावाने प्रसिद्धीस आला. मंदगतीला जर्मन भाषेत आजही हाच शब्द आहे. त्याच सुमारास पॅरिसमध्ये ल्यूसियाँ बुल विद्युत् ठिणग्यांच्या प्रकाशात उडत्या कीटकांची शीघ्र छायाचित्रे घेत होते, म्हणून काही जण त्यांना अग्रमान देतात. बुल यांचा उद्देश शरीरक्रियेच्या अभ्यासाचा होता, हे लक्षात घेता पडद्यावरील मंदगतीच्या यंत्ररचनेचे श्रेय मुस्गर यांना व तिच्या प्रसाराचे लेमान यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची रोज एकेक चौकट (फ्रेम, म्हणजे चित्रफितीतील एक स्थिर चित्र) घेऊन केलेली ‘अंकुराची वाढ’ ही चित्रफीत सामान्यतः १९१२ च्या आसपासची मानतात. तिचा वेग कॅमेऱ्यातच ठरलेला असल्यामुळे काटेकोरपणे पाहता ते कालसंक्षेपी चित्रण (टाइम-लॅप्स) आहे, गतिबदल नव्हे.

संकलनातील गतिबदल चित्रणानंतर होतो, आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे : जी चौकट कॅमेऱ्याने टिपलीच नाही, ती सॉफ्टवेअरला कोठून तरी भरून काढावी लागते. दर सेकंदाला २५ चौकटींनी घेतलेल्या १० सेकंदांच्या क्लिपमध्ये २५० चौकटी असतात. वेग ४० टक्के केला की २५ सेकंदांत ६२५ जागा भराव्या लागतात, म्हणून एक चौकट दोनदा व पुढची तीनदा दिसते आणि चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा वाटतो. याला पर्याय दोन आहेत. पहिल्यात लगतच्या चौकटी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे कडा दुहेरी व पुसट होतात. दुसऱ्या, म्हणजे ऑप्टिकल फ्लो पद्धतीत प्रतिमेतील प्रत्येक भाग कोठून कोठे सरकला याचा अंदाज घेऊन मधल्या चौकटी नव्याने रचल्या जातात. हिच्या गणिताचा पाया हॉर्न व शुंक आणि लुकास व कानाडे यांच्या १९८१ मधील निबंधांत आढळतो. प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती २०१५ साली आली. एकसंध पृष्ठभागाची सावकाश हालचाल ही पद्धत उत्तम सांभाळते. मात्र मंगलाष्टकांच्या शेवटी वधूवरांवर पडणाऱ्या अक्षता हे तिचे कठीण प्रकरण आहे : सगळे दाणे सारखेच दिसत असल्याने कोणता दाणा कोठे गेला हे तिला ठरवता येत नाही, दाण्यांच्या जागी ताणलेले पांढुरके धागे उमटतात, आणि वधूच्या मुंडावळ्यांच्या सराही त्यांबरोबर वितळल्यासारख्या हलतात.

यावर खरा उपाय चित्रणाच्या वेळीच करावयाचा असतो. सेकंदाला ५० चौकटींनी घेतलेली क्लिप सेकंदाला २५ चौकटींच्या टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर) ५० टक्क्यांनी चालविल्यास प्रत्येक चौकट एकदाच व पूर्ण वापरली जाते. ६० चौकटींच्या क्लिपसाठी हे प्रमाण सुमारे ४१.६७ टक्के येते. वेगवान चित्रणात दिव्यांचा प्रश्न उद्भवतो. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे काही दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि १२० चौकटींनी घेतलेले कार्यालयातील दृश्य मंद करताच डोळ्यांना एरवी न जाणवणारी ही लुकलुक स्पष्ट दिसते.

टाइमलाइनवर क्लिप लांबली की पुढील क्लिपा सरकवाव्या लागतात. प्रीमियर प्रोमध्ये त्यासाठीचा रिपलचा पर्याय न निवडल्यास क्लिप शेजारच्या क्लिपशी अडते व तिच्या शेवटाचा भाग दिसेनासा होतो.

ध्वनीचा वेग दुप्पट केल्यास स्वर एका सप्तकाने चढतो. स्वर कायम ठेवून कालावधी बदलण्याच्या पद्धतींपैकी फेज व्होकोडर ही फ्लॅनगन व गोल्डन यांनी १९६६ मध्ये मांडली. ही सुधारणा न करता २४ चौकटींचे चित्रपट २५ चौकटींच्या पाल (PAL) या दूरचित्रवाणी पद्धतीवर दाखविले जात, तेव्हा दोन तासांचा चित्रपट ४ मिनिटे ४८ सेकंद आधी संपे आणि पात्रांचा आवाज अर्ध्या स्वरापेक्षा थोड्या कमी प्रमाणात चढा ऐकू येई.